नोंदणी झाली की कळवा

न्यूकॅसल, ३ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा आणि आई यांस सा. न. वि. वि.

काल गौरी-गणपती गेले, व्हिडिओ बघितला. काहिलीत मूर्ती सोडताना आप्पांचा हात थरथरत होता. मोबाईल हलला म्हणून तसं दिसलं, असं आई म्हणते. बरं.

मी मजेत आहे. रविवारी शेपूची एवढीशी जुडी मिळाली, भाजी केली, चार घास झाली. थंडी अजून नाही. आणि 'फोनवर गप्प का असतोस' हे आता तिसऱ्यांदा विचारलंत. गप्प नसतो मी. बारा तासांच्या ड्युटीनंतर पाय बोलतात, तोंड नाही. शिवाय आप्पा आणि मी फोनवर बोलतो काय? स्कोअर. म्हणून लिहायला बसलो.

इथली एक तऱ्हा सांगतो. आईनं कपाळावर हात मारून घ्यावा, पण आप्पांना कळेल. सीझनआधी केएसएत, आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉल संघटनेत, खेळाडू नोंदणी असते, तेव्हा कट्ट्यावर 'अमका पाटाकडीलमधनं शिवाजीत चाललाय' सुरू होतं ना, तेच. फक्त इथं अख्खा उन्हाळा, सकाळ-संध्याकाळ. खेळ बंद असला की जास्तच. कुणाचं विमान कुठं उतरलं, कुणी इन्स्टाग्रामवरनं क्लबचा फोटो काढला, यावर नातवंडं असलेली माणसं तास तास घालवतात. फॅब्रिझिओ रोमानो म्हणून एक इटालियन पत्रकार आहे, त्यानं 'हिअर वी गो' लिहिलं की सौदा पक्का धरायचा. तोवर सगळ्या पुड्या. एकाला विचारलं, व्हायचं तेव्हा होईल, आत्तापासून जीव कशाला काढता? गणपतीत मांडव कशाला घालता असं विचारल्यासारखं बघितलं त्यानं माझ्याकडं.

यंदाचा घोळ अलेक्झांडर इसाकचा. मार्चमध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ नं हरवून न्यूकॅसलनं लीग कप घेतला, त्यातला एक गोल त्याचा. देशातल्या स्पर्धांमधला न्यूकॅसलचा १९५५ नंतरचा पहिला कप, म्हणजे ७० वर्षांनी. आणि उन्हाळ्यात त्याच पोरानं न्यूकॅसलकडनं खेळायचंच बंद केलं. जायचं कुठं, तर लिव्हरपूललाच. क्लबनं शब्द मोडला, विश्वास उडाला, असं इन्स्टाग्रामवर लिहिलं. सोमवारी, तुमच्या गौरीपूजनादिवशी, संध्याकाळी ७ ला खेळाडूंनी क्लब बदलायची मुदत संपत होती, तुमचे रात्रीचे साडेअकरा. गेला शेवटी. १२.५ कोटी पौंड. आपले पावणेपंधराशे कोटी होतात, मी दोनदा गुणाकार केला.

आमच्या वॉर्डात एक पोर्टर आहे, आपल्याकडं वॉर्डबॉय म्हणतात तसा, साठीचा. त्या दिवशी चहाच्या कपाला मोबाईल टेकवून बसला होता. मांडीवर नातवाची टीशर्ट, पाठीवर इसाक आणि १४. केस वाळवायच्या मशीननं अक्षरं गरम करायचा आणि नखानं सोलायचा. एक अक्षर निम्मं फाटून तिथंच राहिलं. इसाकला उंदीर म्हणून झालं, आणखी काय काय म्हणून झालं, ते इथं लिहीत नाही. मग आपणहून म्हणाला, पोराचं डोकं ठिकाणावर नसेल, पंचविशीचं तर आहे. न्यूकॅसलच्याच टोनालीचं काढलं. २०२३ मध्ये जुगाराच्या नादापायी त्याच्यावर १० महिन्यांची बंदी आली, तेव्हा हीच माणसं त्याच्या नावानं गाणी म्हणत होती. मग ब्राझीलच्या रिचार्लिसनचं. २०२२ च्या वर्ल्ड कपनंतर त्याला डिप्रेशन आलं, ट्रेनिंगला जाण्याआधी परत खोलीत जावंसं वाटायचं, बापाला म्हणाला सोडून द्यायचंय. हे मला आधीच माहीत होतं. दोनदा वाचलंय.

आणि मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला, बायको गेल्यावर तो तीन महिने मॅचशिवाय घराबाहेर पडला नव्हता. मी नुसतं हं म्हटलं. तुझं काय, म्हणाला. मी म्हटलं, 'नॉट बॅड'. इथं सगळे तेच म्हणतात.

तर आता सांगून टाकतो. जानेवारीत हॉस्पिटलच्याच एका बाईंकडं सहा वेळा जाऊन आलो. बोलायला. गोळ्या नाहीत, काही नाही, पैसेही लागत नाहीत. दिवसाची झोप लागत नव्हती, इतकंच. आई, लगेच दृष्ट काढू नकोस आणि मावशीला सांगू नकोस. आत्ता बरं आहे, म्हणूनच लिहितोय.

६० हजार पाठवलेत. त्यातले आधी आप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवा, गॅलरीची फरशी थांबेल. दिवाळीला जमत नाही. रजा आधीच वाटून झाल्या, मी उशिरा मागितली. चूक माझीच. ताईला मीच फोन करतो, तुम्ही काही बोलू नका. इचलकरंजीचं स्थळ बघायला हरकत नाही, पण पोरीला खरं सांगा की मी रात्रपाळी करतो आणि इथं हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो. फोटो पाठवा. पगाराचा आकडा फुगवून सांगू नका.

आप्पा, यंदा नोंदणी झाली की कोण कुठं गेलं ते कळवा. मेसेज नको, फोन करा. रविवारी सुट्टी आहे, दिवसभर घरीच आहे.

तुमचा,
बाळू