गिटार दुकानातच जुळवून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या दुकानांतून आणि ऑनलाइन, आठ ते पंधरा हजारांच्या इलेक्ट्रिक गिटार घरोघरी येतात. पाऊस सुरू होईपर्यंत त्यातल्या बऱ्याच कपाटावर जातात. बोटे दुखतात, सूर लागत नाही, अशी तक्रार होते आणि मुलाला चिकाटी नाही असे म्हटले जाते. खोट बहुधा जुळणीत, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर नीट बसवण्यात, असते. या किमतीत लाकूड आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठीक मिळतात. किंमत खाली ठेवण्यासाठी शेवटची हातजुळणी उरकलेली असते. शिवाय दमट हवेतून आलेले वाद्य आपल्याकडच्या चाळिशीपार कोरड्या उन्हाळ्यात उघडले जाते.

घेतानाच ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेला भाग, पक्का, न हलणारा घ्यावा. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या ब्रिजमध्ये एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच उतरतात, कारण तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकींना तोलत असतात. असा ब्रिज आधीच घेतला असेल तर मागचे झाकण काढून स्प्रिंगांची पकड धरणारे दोन स्क्रू आवळावेत. ब्रिज बॉडीवर सपाट टेकला की त्रास बराच संपतो. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) दुहेरी कॉइलचा, म्हणजे हमबकर असावा. एकेरी कॉइल घरातल्या वायरिंगची घरघर ओढून घेते.

जुळणीची सुरुवात नव्या तारांनी करावी. नवशिक्यासाठी नऊ-बेचाळीसचा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच) सेट बरा. त्या ओढून ओढून सुरात स्थिरावल्या की नेक, म्हणजे गिटारची मान, बघावा. सहावी, म्हणजे जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरावी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटर फट हवी. गॅरेजमध्ये टॅपेट बघायची फीलर गेज असते, तिची ०.२५ ची पट्टी इथे नेमकी चालते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने आवळावा, फट नसेलच तर उलट सैल करावा. एका वेळी फक्त पाव फेरा, मग पुन्हा सुरात आणून मोजणे. चावी जड लागली तर तिथेच थांबावे. तुटलेला रॉड बदलण्याचा खर्च गिटारच्या किमतीला भिडतो.

त्यानंतर तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २ मिलिमीटर आणि पहिली १.५ मिलिमीटर असली की हाताला सोपी जाते. नव्या गिटारमध्ये ती ३ च्या वर सर्रास सापडते, आणि बोटे दुखतात ती यामुळे. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) बारीक स्क्रू समान फिरवून उंची उतरवता येते. उंची ठरल्यावर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल नेकपासून मागे न्यावे, उतरता असेल तर पुढे. हा क्रम मोडू नये, कारण नेक हलला की उंची बदलते आणि उंची बदलली की स्वर.

नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा मात्र घरी घासू नयेत. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसभर फट राहिली पाहिजे. अख्खे व्हिजिटिंग कार्ड आत जात असेल तर खाच वर आहे. एफ कॉर्ड बेसूर वाजतो तो अशाच नटमुळे. जास्त घासलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

मे महिन्यात लाकूड आकसते, फ्रेटची टोके बाजूने टोचू लागतात आणि नेक सरळ होऊन तारा खरखरतात. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरते, नेकला बाक येतो, तारा वर जातात. म्हणून वर्षातून दोनदा नेक तपासावा. गिटार कूलरच्या झोतात किंवा पत्र्याच्या खोलीत उघडी ठेवू नये.

एक गोष्ट जिवावरची आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून अॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या) अर्थिंगला जोडलेल्या असतात. तीन पिनांच्या प्लगची पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात घालणे म्हणजे अॅम्पमधला बिघाड थेट बोटांपर्यंत आणणे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणे स्वाभाविक आहे. पण मुंग्या आल्या तर प्लग काढून वायरमनला बोलवावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे. स्वस्त इन्व्हर्टरवर आवाज फाटला तर गिटारला दोष देऊ नये.

वाद्यविक्रेत्यांना विनंती, की एवढी जुळणी करूनच गिटार गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. जाणत्या हाताला तास-दीड तास लागतो; त्याचे पैसे वेगळे लावले तरी चालतील, पण बिलावर बाराव्या फ्रेटची उंची लिहून द्यावी. पालकांनीही पैसे देण्याआधी ती उंची मोजपट्टी लावून मोजावी.

आपला,
गिटार दुरुस्ती करणारा एक वाचक, परभणी