लाख कोटीत शून्यं किती?

संपादक साहेब, सनविवि.

परवा पहिल्या पानावर एका बातमीत 'बिलियन', शेजारच्याच बातमीत 'अब्ज' आणि आत अर्थ पानावर 'लाख कोटी', आता सांगा, सकाळी चहा पिता पिता माणसानं कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं का? बिलियन म्हणजेच अब्ज म्हणजेच 100 कोटी, ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी, एवढं कंसात टाकलंत तरी पुरे. राज्याची इकॉनॉमी 1 ट्रिलियन डॉलरची करणार हे भाषणात सारखं ऐकतो, पण समोर बसलेल्यांपैकी किती जणांना त्यातली शून्यं सांगता येतील? बारा असतात हो.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे या आकड्याला अख्खं नाव आहे. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत 18 स्थानं दिलीत, त्यात अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म, तेच आपलं लाख कोटी. म्हणजे 2025-26 चं केंद्राचं बजेट झालं 50 महापद्म रुपयांच्या वर! उद्यापासून असंच छापा असं नाही म्हणत मी, लोकांना वाटायचं हा कुठला नवीन टॅक्स आला. परार्धात तर एकावर 17 शून्यं, ते राहू द्या.

फक्त एक, हिंदीतला खरब म्हणजे 100 अब्ज आणि लीलावतीतला खर्व 10 अब्जांचा, त्यामुळे हिंदी बातमी घाईघाईत मराठीत उतरवताना खरबचा खर्व करू नका, रक्कम थेट दहा पटीनं कमी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

– एक नियमित वाचक, सातारा