ठिणगी पडली तरी आग लागत नाही

महोदय,

अमेरिकी बालसाहित्यिक गॅरी पॉल्सन ऑक्टोबर २०२१मध्ये गेले. मुंबईतल्या प्रत्येक शालेय ग्रंथालयात त्यांची ‘हॅचेट’ (म्हणजे छोटी कुऱ्हाड, १९८७) ही कादंबरी असावी. कॅनडाच्या जंगलात विमान कोसळून एकटा उरलेला १३ वर्षांचा ब्रायन तिथे ५४ दिवस काढतो, आणि लेखक त्याला काहीही फुकट देत नाही. कुऱ्हाड दगडावर आपटून ठिणग्या पडतात, पण आग लागत नाही. सुके गवत पेटत नाही, खिशातल्या नोटेचे कपटेही नाहीत. भूर्जाची साल केसाइतकी बारीक सोलून तिचा गोळा केला, तेव्हा कुठे ठिणगी धरते. तीही विझते, कारण हवा पुरत नाही. हळू फुंकर घातल्यावर जाळ होतो. (आपल्याकडे चकमकीची ठिणगी झेलायला सावरीचा कापूस चालतो, तत्त्व तेच.)

मासेमारीतही तसेच. थेट माशावर नेम धरला की तो हुकतो. पाण्याबाहेर येताना प्रकाशकिरण वळतात, मासा असतो त्याहून वर दिसतो. म्हणून नेम खाली धरायचा. शाळेतला अपवर्तनाचा धडा इथे पोटाचा प्रश्न होतो!

पॉल्सन स्वतः अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेजशर्यतीत उतरले होते. त्यांच्या पुस्तकांतली थंडीची वर्णने ऐकीव नाहीत. मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या काढणाऱ्यांनी अशा पुस्तकांतले हे फसलेले प्रयत्न कृपया कापू नयेत.

– बालवाचनालयाचे कार्यकर्ते, दादर, मुंबई