मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणं परत आलं तर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मणक्याचं ऑपरेशन नीट झाल्यावरसुद्धा आत इन्फेक्शन होऊ शकतं हे लोकांना माहीतच नसतं, म्हणून लिहितेय. माझ्या जाऊबाईंची दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून नस दबली होती, ऑपरेशननंतर पायातली कळ लगेच थांबली, टाके निघाले, सगळं छान. मग तीनेक आठवड्यांनी कंबर अशी धरली की कूस बदलताना ओरडायच्या, रात्री तर जास्तच. ताप नाही, जखम वरून सुकलेली, त्यामुळे जो तो म्हणे वय झालंय, दुखणारच. एका ठिकाणी तर काही न तपासता अँटिबायोटिक सुरू केलं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण औषध आधी पोटात गेलं की नंतर कल्चरमध्ये, म्हणजे सँपलमधले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडणं अवघड होतं.

गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, तिथे जंतू बसला की औषध पोचायलाही वेळ लागतो. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस असतो, पण क्वचित टीबीचा, नाहीतर टीबीच्याच भाऊबंदांपैकी नळाच्या पाण्यात राहणारा, किंवा ॲस्परजिलससारखी बुरशी. जाऊबाईंना तो पाण्यातला निघाला. साध्या कल्चरमध्ये हे क्वचित होणारे सहसा सापडत नाहीत, सुईने आतलं सँपल काढून टीबीचं आणि बुरशीचं कल्चर वेगळं सांगून लावावं लागतं, रिपोर्टला कित्येक आठवडे लागतात आणि औषधं महिनोन्‌महिने चालतात.

ऑपरेशननंतर सीआरपी (शरीरातली सूज, इन्फेक्शन दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढतोच, पण साधारण दोन आठवड्यांत उतरायला हवा, नाही उतरला किंवा परत चढला तर एमआरआय करून घ्या, नुसत्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही. शुगरवाल्यांनी तर जास्तच जपायचं. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आपल्या इंदूरला निमाडातून, देवास-उज्जैनकडून कितीतरी लोक ऑपरेशनला येतात आणि चार दिवसांत गावी परततात, तिथल्या डॉक्टरांच्या हातात फक्त इंग्रजी डिस्चार्ज कार्ड असतं. त्या कार्डावर ही लक्षणं आणि एक फोन नंबर हिंदी-मराठीत छापा एवढंच शहरातल्या हॉस्पिटलांना सांगणं आहे, आणि आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या स्पाइन सर्जनकडून यावर लिहून घ्यावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर