आई-बाबा, नोकरी सोडली आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा आईनं "जेवली काय वं?" विचारलं आणि मी अर्धा तास मेसच्या वांग्याच्या भाजीवरच बोलत बसले. दुसऱ्यांदा बाबा कापसाची गाडी घेऊन जिनिंगसमोर रांगेत उभे होते. तिसऱ्यांदा रेंज गेली आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, म्हणून लिहायला बसले. दादाला सांगा, सावकाश वाच आणि मधे मधे आपलं काही घालू नको.

आधी मुद्द्याचं. मी नोकरी सोडली. राजीनामा मंजूर होऊन बारा दिवस झाले. आता मी प्रोफेशनल बॉक्सिंग करणार आहे. दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे आणि पहिली फाइट जानेवारीच्या शेवटी दिल्लीला आहे.

बाबा, घोटभर पाणी प्या, मग पुढचं ऐका.

तुम्हाला न विचारता सही केली, हे मला टोचतंय. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती नव्हती. तुम्ही हो म्हणाला असता. पांढरा गोऱ्हा बाजारात नेला त्या सकाळीही तुम्ही "जाय माय, खेळ" एवढंच म्हणाला होता. आणि पुढं महिनाभर रात्री ओसरीवर जागत बसला होता, हे आईनं मला चार वर्षांनी सांगितलं. तसला होकार मला पुन्हा नको होता. घरातलं काही विकायचं राहिलं नाही आणि विकायची वेळही येऊ द्यायची नाही, म्हणून आधी सगळं ठरवलं आणि मग कळवते आहे. आईला रागवायचं असेल तर रागव, चांगली खरडपट्टी काढ. फक्त रडू नको.

तुम्ही म्हणाल, पक्की नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातली, गावात पेढे वाटलेली, ती सोडायची काय गरज होती? बाबा, मला सव्विसावं लागलं. माझं वजन ५७ किलो. देश एका वजनात एकच मुलगी पाठवतो. ५७ मध्ये आपली जैस्मिन लंबोरिया आहे आणि तिनं २०२५ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलला जागतिक अजिंक्यपद जिंकलं. फायनलला समोर पोलंडची शेरेमेटा होती, पॅरिस ऑलिम्पिकची रौप्यवाली. ती फाइट मी मोबाइलवर चारदा पाहिली. जैस्मिन जिंकली तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या, आणि मग अंथरुणावर बसून हिशेब केला. मी राज्याला सुवर्ण आणलं, नॅशनलला रौप्य आणलं, कॅम्पमध्ये तीनदा राहून आले. इथून पुढं तीन-चार वर्षं मी दुसऱ्या नंबरची म्हणून सराव करत राहिले असते आणि एक दिवस कुणी न सांगताच रिटायर झाले असते. सकाळी रिंग, दुपारी रजिस्टर. रजिस्टर वाढत चाललं होतं आणि रिंग कमी होत होती. नोकरीत राहून पैशाच्या फाइट लढायला आमच्याकडे परवानगी नव्हती, म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवता आला नाही.

आपला ऑलिम्पिकवाला बॉक्सर विजेंदर २०१५ साली प्रोफेशनल झाला, मँचेस्टरला पहिली फाइट लढला, तेव्हा आपण दादाच्या मित्राकडं टीव्हीवर पाहत होतो. बाबा, तुम्ही म्हणाला होता, "आता हा पैशासाठी खेळते." ते वाक्य सही करताना माझ्या कानात होतं. पण बाबा, तुम्ही कापूस पिकवता तो विकायलाच ना? भाव मिळाला म्हणून तुमचा घाम कधी हलका झाला नाही. मी चौदा वर्षं मार खाल्ला आणि मारला तो मेडलसाठी, प्रमाणपत्रासाठी, प्रवासभत्त्यासाठी. आता त्याच हातांना दाम मिळणार असेल तर मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि बायकांचं बॉक्सिंग आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आयर्लंडची केटी टेलर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची सुवर्णवाली. ती २०१६ मध्ये प्रोफेशनल झाली आणि वर्षाच्या आत जगज्जेती झाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिची आणि अमांडा सेरानोची फाइट झाली. तिथं बायकांची फाइट मुख्य लढत म्हणून लागायची ती पहिलीच वेळ, आणि हॉल गच्च भरला होता. मी केटी टेलर नाही, मला माहीत आहे. पण ज्या वाटेनं ती गेली ती वाट आहे, एवढं तरी आता माहीत झालं.

आता आई, तुझा प्रश्न. हेल्मेटचा. तू विचारणारच, म्हणून सगळं लिहिते, काही लपवत नाही.

हो, हेल्मेट निघणार. प्रोफेशनलमध्ये कुणीच घालत नाही. आतापर्यंतच्या स्पर्धांत आम्हा मुलींना ते होतं, पुरुषांचं २०१३ मध्येच काढलं. हेल्मेटानं भुवई फुटायची वाचते, चेहरा खरचटत नाही. पण डोक्याच्या आत जो हादरा बसतो तो हेल्मेटानं थांबत नाही. तो थांबतो डोकं हलवल्यानं, पाय चालवल्यानं, हात वर ठेवल्यानं. म्हणून माझा अर्धा सराव आता बचावाचाच चालू आहे. ग्लोव्हही लहान होणार, १० औंसांऐवजी ८ औंसांचे. दोन औंस म्हणजे तुझ्या मुठीत मावेल एवढी तुरीची डाळ. तेवढीच गादी कमी, पण बुक्का लागतो जोरात, हे खरं आहे.

दुसऱ्या बाजूचंही ऐक. पहिली फाइट चार फेऱ्यांची आहे आणि मुलींची फेरी दोन मिनिटांची. म्हणजे आठ मिनिटं. आतापर्यंत मी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळत होते, नऊ मिनिटं, आणि स्पर्धेत कधी पाच दिवसांत चार वेळा. आता वर्षाला चार-पाचच फाइट, मधे दोन-दोन महिने सराव. वजनही फाइटच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळं वजन दिल्यावर खाऊन-पिऊन अंगात पाणी परत आणायला पूर्ण दिवस मिळतो. आधी सकाळी काट्यावर आणि दुपारी रिंगमध्ये असं असायचं. उपाशीपोटी कोरड्या तोंडानं उभी राहायचे तेव्हा तुला मी काही सांगितलं नव्हतं.

लायसन्ससाठी डोक्याचं एमआरआय झालं, डोळे तपासले, रक्ताच्या सगळ्या चाचण्या झाल्या. सगळं नीट आहे, रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. रिंगजवळ डॉक्टर बसलेला असतो, त्याला वाटलं तर तो फाइट थांबवतो, माझं कोण ऐकतंय! मी स्वतःशीही एक ठरवलंय: दरवर्षी एमआरआय करायचं, आणि त्यात इवलंसं काही निघालं तर त्याच दिवशी ग्लोव्ह काढून ठेवायचे. दादाच्या पोराची शपथ घेऊन लिहिते.

मारामारीही वेगळी आहे. आतापर्यंत आम्हाला शिकवलं ते असं की झटकन शिर, तीन ठोसे लाव, पॉइंट घे, बाहेर नीघ. आता कोच रोज ओरडतात, "घाई कशाची?" पाय रोवायचे, पोटाला, बरगड्यांना ठोसे द्यायचे, समोरचीचा दम शेवटच्या फेरीपर्यंत झिजवायचा. पहिले पंधरा दिवस मला जमेचना. मग तुमची आठवण आली, बाबा. डवरा धरताना तुम्ही दादाला म्हणायचे, "पयल्याच तासाले बैल दमवू नोको, वावर लय मोठं हाय." आता सकाळी रिंगमध्ये शिरताना मी तेच पुटपुटते. कोचला मराठी येत नाही, त्यांना वाटतं मी गजानन महाराजांचं नाव घेते.

पैशांचं सांगते. पहिल्या फाइटचे पैसे थोडेच आहेत, ते मोजून तुम्ही निराश होऊ नका. सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं, जिंकत गेलं की वाढतात. त्यातून मॅनेजरचा वाटा जातो, पण राहणं, सराव आणि डॉक्टर त्यांच्याकडं. कराराचा कागद सही करण्याआधी आत्याच्या ओळखीच्या वकिलाला दाखवला, त्यांनी दोन कलमं बदलून घेतली. माझ्याकडं साठवलेले पैसे आहेत, वर्षभर तर चिंता नाही. घरी दर महिन्याच्या ५ तारखेला येतात ते येतच राहतील. कमी वाटले तर सांगा, पण माझ्यासाठी सोसायटीचं नाही आणि सावकाराचं तर नाहीच नाही, एक रुपयाही काढायचा नाही.

आणि हे जमलं नाही तर? तेही विचारून ठेवलं आहे. मणिपूरच्या सरिता देवीनं २०१७ मध्ये इम्फाळला प्रोफेशनल फाइट जिंकली आणि नंतर ती पुन्हा देशाकडून खेळली. विकास कृष्ण तर प्रोफेशनल होऊन परत आला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. दार लावून घेतलं म्हणजे कडी घातली असं नाही.

राहायला खोली चांगली आहे. गीझर आहे, पंखा आवाज करत नाही, सोबत हरियाणाची एक मुलगी आहे, ती पहाटे चारला उठते आणि मलाही उठवते. जेवायला अंडी, डाळ, दही, पनीर भरपूर. ज्वारीची भाकर मात्र मिळत नाही. गव्हाच्या पोळीनं पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. आई, तू थंडीत चुलीपुढं बसवून कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा द्यायची, वर तेलाची धार. हात सुजलेले असायचे, मग तूच घास करून भरवायची. तेरा वर्षांची घोडी झाले होते तरी. वेदना हाताला आणि लाड तोंडाचे, असं आजी म्हणायची. कधी कधी सराव संपल्यावर ग्लोव्ह काढते आणि उगाच दोन मिनिटं हात तसेच पुढं धरून बसते.

आता माझं ऐका. दोघंही.

बाबा, बीपीची गोळी रोज. बरं वाटतं म्हणून सोडायची गोळी नाही ती. आपल्या खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी अजिबात प्यायचं नाही, चहालासुद्धा नाही. आरओच्या कॅनचे पैसे मी वेगळे पाठवते, ते खतात घालायचे नाहीत. दर्यापूरला जाऊन किडनीचं ते क्रिएटिनिन तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा, "नॉर्मल हाय" असा निरोप नको. फवारणीला मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषानं माणसं गेली ते तुम्ही मला सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही नाकाला नुसता पंचा बांधून पंप पाठीला लावला होता. मी हेल्मेट काढते म्हणून तुमचा जीव खालीवर होतो ना? तसाच माझा तुमच्या त्या पंच्यानं होतो. माझ्याभोवती डॉक्टर, पंच, कोच एवढे लोक असतात. तुमच्याजवळ वावरात कुणी नसतं.

आई, गुडघे. शेगावला पायी जायचं नाही. महाराजांना मी सांगितलंय, ते रागवत नाहीत. एसटीनं जा, तुला अर्धंच तिकीट लागतं. माझ्यासाठी काय नवस बोलली असशील तो फेडायला मी येईन, माझ्या पायांनी. वेचणीला दिवसभर वाकू नको, बायका लाव. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करून घे, मार्चवर ढकलू नको.

कारंज्याच्या पाहुण्यांना स्पष्ट नाही म्हणून कळवा, त्या मुलाला ताटकळत ठेवणं बरं नाही. मला लग्नच करायचं नाही असं नाही, आई. आता नको एवढंच. मामाला मात्र फाइट झाल्यावरच सांगा. तो गावभर करील आणि मग तुम्हाला पारावर उत्तरं देत बसावं लागेल. कुणी विचारलंच, तर पोरीनं नोकरी बदलली म्हणा. खोटं नाही ते.

फाइट मोबाइलवर दिसेल, दादाला लिंक पाठवीन. पण आई, तू पाहू नको. निकाल लागला की पाच मिनिटांत मीच फोन करते, माझाच आवाज ऐक, दुसऱ्या कुणाच्या फोनवर विश्वास ठेवू नको. बाबांनी पाहिलं तर चालेल. नाही पाहिलं तरी चालेल. पण पाहिलं तर मला खूप बरं वाटेल.

संक्रांतीला येते, तीन दिवस. तिळगूळ एकच खाईन, वजन आहे. बाकी तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन.

तुमची,
बाई

ता. क. आई, पहिल्यांदा निंबाला खताचं पोतं बांधलं, आत चिंध्या आणि वाळू भरली, तेव्हा तू जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून माझे हात बांधायची. त्यातली एखादी ट्रंकेत राहिली असेल तर येईन तेव्हा काढून ठेव. रिंगमध्ये ती चालणार नाही, तिथं गॉज आणि टेप लागतो आणि बांधलेल्या हातावर तपासणारा माणूस सही करतो. बॅगेत ठेवायला हवी आहे.