आवाज कुठे फाटतोय ते शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. तरी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बेस गिटार वाजवणाऱ्यांना आणि ऑर्केस्ट्राचं साउंड सांभाळणाऱ्यांना तुमची पद्धत कळायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या त्या अरुंद जिन्यावरच्या तुमच्या खोलीत मी दुरुस्तीसाठी आले होते आणि विचार कसा करायचा ते शिकून गेले.

गणपतीतले कार्यक्रम संपता संपता माझ्या ॲम्पचा आवाज फाटायला लागला. डी आणि जी तारांवर ठीक वाटायचं. ए आणि ई वर उतरलं की सुरामागे खरखर. शिवाय मध्येच आवाज खाली बसायचा आणि तार जोरात छेडली की परत यायचा. दिवाळी पहाटच्या तारखा ठरलेल्या. एका दुकानात दाखवलं तर त्यांनी कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, जाळीही न काढता ‘चारही स्पीकर गेलेत, बदलून टाका’ असं सांगितलं, तेही माझ्याशी न बोलता, सोबत आलेल्या कीबोर्डवाल्याशी.

तुम्ही मात्र स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मलाच विचारत बसलात. हळू वाजवतानाही फाटतो का? सगळ्याच सुरांवर, की ठरावीक? ॲम्प गार असताना होतं, की तापल्यावर? सूर थांबला की खरखरही थांबते का? वाजवणाऱ्याच्या कानाला हे सगळं आधीच कळलेलं असतं, फक्त कोणी विचारत नाही, असं तुम्ही म्हणालात. माझे पहिले आभार त्या वाक्यासाठीच.

मग तुम्ही बेसच्या तारेपासून स्पीकरच्या कोनपर्यंतची, म्हणजे समोरच्या थरथरणाऱ्या पडद्यापर्यंतची, साखळी मधोमध तोडत गेलात. माझा बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की जोरात वाजवलेला प्रत्येक सूर चिरकतो आणि माणूस ॲम्पला दोष देत बसतो. म्हणून आधी नवी बॅटरी. मग तुमच्या खात्रीची केबल. मग गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण, इतका खाली, की सिग्नल जास्त झाल्याचा, क्लिपचा लाल दिवा लुकलुकणारही नाही. काहीच फरक नाही. मग हेडफोन लावलात. माझ्या ॲम्पला हेडफोनची जागा प्री-ॲम्पनंतर (म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्यानंतर) आणि एफेक्ट लूपच्या (बाहेरची एफेक्टची यंत्रं जोडायच्या वाटेच्या) आधी आहे, आणि तिथे आवाज अगदी स्वच्छ! म्हणजे बेस, केबल आणि अर्धं ॲम्प एका फटक्यात निर्दोष सुटले.

पुढे तुम्ही जे केलंत ते प्रत्येक बेसवाल्याने लक्षात ठेवावं. मागच्या बाजूला त्या लूपची ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं असतात. आमच्यापैकी बहुतेक जण ती कधी वापरत नाहीत. तुम्ही एक छोटी पॅच केबल घेऊन ती दोन्ही जोडलीत आणि आवाज खाली बसणं तिथल्या तिथे थांबलं. लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सगळा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका पातळ पत्तीवरून जातो. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर गंजाचा पापुद्रा धरतो. हळू वाजवलेला सूर त्यात अडकतो, जोरात छेडलेला सूर मात्र पापुद्रा ओलांडून पलीकडे जातो. तार जोरात छेडली की आवाज परत का येतो, ते मला तेव्हा कळलं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पिन काही वेळा आत-बाहेर, आणि जॅक मोकळा. ॲम्पचं झाकण तुम्ही स्वतःच उघडलंत आणि मला हात लावू दिला नाहीत. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, हे बजावलंत.

खरखर मात्र होतीच. तुम्ही माझं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचं नुसतं ॲम्प, तुमच्या जुन्या कॅबिनेटला जोडलंत: स्वच्छ. तुमचं ॲम्प माझ्या कॅबिनेटला जोडलंत: खरखर. मग सगळा उलगडा झाला. बिघाड एक नव्हताच. दोन एकावर एक बसले होते आणि दोघांची लक्षणं मिळून तिसराच आजार असल्यासारखी दिसत होती.

मोबाइलवरच्या टोन जनरेटरने तुम्ही चाळीस हर्ट्झपासून हळूहळू वर जाणारा एकच सूर कॅबिनेटमध्ये सोडलात, अगदी कमी आवाजात. खरखर सुरू झाली की हँडल दाबून बघायचं, कोपऱ्याचे पत्रे दाबायचे, मग जाळीच काढायची. कारण फाटका वाटणारा आवाज पुष्कळदा नुसत्या ढिल्या स्क्रूचा असतो. तो नव्हता. मग सगळं बंद करून तुम्ही पाचही बोटं पसरून एकेक कोन सारख्या दाबाने आत ढकललात. तीन स्पीकर मुके. खालच्या डावीकडच्या चौथ्यावर तुम्ही माझा हात ठेवलात. कान जवळ नेण्याचीही गरज नव्हती, कोनमागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, चुंबकाच्या फटीत घासतेय ते बोटांनाच कळत होतं.

वरच्या तारांवर हे का ऐकू येत नव्हतं, तेही तुम्ही समजावलंत. उघडी जी तार सुमारे ९८ हर्ट्झची, ए ५५ ची, ई ४१ ची. सूर एक सप्तक खाली गेला, की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट लांब हलावं लागतं. जी वर कोन जेमतेम थरथरतो, म्हणून कॉइल वाचते. ई वर तो लांब झेपावतो आणि कॉइल कडेला घासते. बेस वाजवायला लागल्यापासून हे इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. ओघात तुम्ही अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या बेस ॲम्पचंही सांगितलंत. १९६९ मध्ये तीनशे वॅटचं ते ॲम्प आलं, तेव्हा त्याची ताकद पेलायला दहा इंची आठ स्पीकरची एक पेटी पुरत नव्हती, म्हणून कंपनीच दोन पेट्या लावायला सांगायची.

चारातला एकच स्पीकर दुरुस्त करायचा, हा तुमचा निर्णयही हिशेबाचा होता. आठ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) चार स्पीकर, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे पेटी पुन्हा आठ ओहमची. त्यात भलत्याच ओहमचा नवा स्पीकर बसवला तर वॅटची वाटणीच बिघडते. म्हणून तोच स्पीकर रिकोन केलात. नवी कॉइल, नवा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचीक चकती), नवा कोन. कॉइल मधोमध राहावी म्हणून फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या खोचल्यात, आणि सोल्युशन पूर्ण वाळल्याशिवाय त्या काढायला ठाम नकार दिलात. कार्यक्रम तोंडावर आल्यामुळे मी घाई करत होते, पण तुमची ती सक्ती योग्यच होती. शेवटी पेन्सिल सेल टेकवून चारही कोन एकाच दिशेला उडी घेतात ना, ते पाहिलंत. एक जरी उलटा जोडला गेला, तरी तो बाकीच्यांचं काम खोडतो आणि बेस पातळ होतो.

जाताना आमची केबलची पेटीही बघितलीत. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, दोन्हींची पिन सारखीच, पण गिटारच्या केबलमधली तार बारीक. हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये ती लावली तर ॲम्पच धोक्यात येतं. म्हणून स्पीकरच्या केबलना लाल टेप गुंडाळून दिलीत. आता मंडपातल्या अंधारातही कोणाचा गोंधळ होत नाही.

काका, तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त रिकोनचे. शोधण्यात गेलेल्या वेळाचे मी देऊ केले तर ‘शोधायचे पैसे घेतले तर लोक विचारायला यायचे बंद होतील’ म्हणालात. चारही स्पीकर बदलले असते तर खर्च कितीतरी पटीने वाढला असता, आणि आवाज तरीही खाली बसतच राहिला असता, कारण तो दोष स्पीकरमध्ये नव्हताच. हे आठवलं की मला अजूनही राग येतो आणि तुमच्याबद्दलचा आदर आणखी वाढतो.

दिवाळी पहाटच्या पहिल्या कार्यक्रमात माझा ई तारेवरचा लांब सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोल आला. तबल्याच्या डग्ग्याखाली तो नीट बसला, हे आमच्या तबलजींनी आपणहून सांगितलं.

आणखी एक सांगायचं आहे. ठाण्यात बेस वाजवणारा माझा एक मित्र आहे, त्याच्या ॲम्पचा आवाजही असाच खाली बसायचा. मी त्याला फोनवर सेंड-रिटर्नमध्ये पॅच केबल लावायला सांगितली आणि त्याचा आवाज तिथेच परत आला. त्याच्या कॅबिनेटमध्ये मात्र फरफर आहे आणि ती कोन दाबून सापडत नाहीये. तुळशीच्या लग्नानंतर तो ते घेऊन पुण्याला येतोय. सूर कुठला, कधी आणि किती जोरात वाजवल्यावर फाटतो, ते सगळं लिहूनच आण, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

तुमची नम्र,
ऑर्केस्ट्रातली बेसवाली