वेळ मोजायची ती माद्यांवरून

प्रिय मंदार,

डस्की सीसाइड स्पॅरो हा पक्षी नामशेष झाला आणि पायपिंग प्लोव्हर हा पक्षी अजून तग धरून आहे. दोघेही अमेरिकेचे, दोघांचंही नाव धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत, मग फरक कुठे पडला, असं तू विचारलंस. माझ्या मते वेळेत. आणि ती वेळ मोजायची उरलेल्या माद्यांवरून.

डस्की हा गाणारा पक्षी फक्त फ्लोरिडातल्या ब्रेव्हार्ड काउंटीत होता: मेरिट आयलंडची खारी दलदल आणि सेंट जॉन्स नदीचा परिसर. स्थलांतर करत नसल्यामुळे जागा गेली की तोही गेला. तिथले डास पाण्यात नाही, ओल्या चिखलावर अंडी घालतात. म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस बांध घालून चिखल पाण्याखाली ठेवला. डास आटोक्यात आले, पण डस्की ज्या गवतात घरटं बांधायचा तेही बुडालं. नदीकडची दलदल निचरा, रस्ते आणि वणव्यांनी संपवली. १९६७मध्ये यादीत नाव आलं, पुढे जमीनही राखीव झाली. पण १९७५नंतर मादी दिसली नाही, आणि १९७९-८०मध्ये पकडलेले सगळे नर निघाले. स्कॉट्स सीसाइड स्पॅरो या जवळच्या भाऊबंदाच्या मादीशी संकर केला तर पिल्लू निम्मं डस्की. त्या पिल्लाची मादी पुन्हा डस्की नराशी जोडली तर पाऊण. पुढे साडेसत्त्याऐंशी टक्के. शंभर कधीच नाही! शेवटचा नर १७ जून १९८७ रोजी गेला.

पायपिंग प्लोव्हर म्हणजे वाळूच्या रंगाचा, जेमतेम ५५ ग्रॅमचा चिखल्या. ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी १९९०मध्ये त्याच्या १२ जोड्या उरल्या होत्या. २०२३मध्ये ८० झाल्या. इथे जोड्या होत्या, म्हणून मेहनतीला फळ आलं. उघड्या वाळूतल्या खळग्यात चार अंडी, साधारण २८ दिवस उबवणी. घरट्यावर तारेच्या जाळीचा पिंजरा बसवतात. जाळीची भोकं दोन बाय चार इंच: प्लोव्हर सहज आत-बाहेर करतो, कोल्हा अडतो. काम झटपट उरकून लांब जायचं आणि पक्षी अंड्यांवर परत बसतोय ना, हे पाहायचं. बसला नाही तर पिंजरा काढायचा. पिल्लं काही तासांतच चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपतात. म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ यंत्राने साफ केलं की त्यांचं अन्नच जातं. गाड्यांच्या चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात, मोकाट कुत्र्यांचं तर विचारूच नकोस. पालक मारला गेला तर टाकलेली अंडी मिशिगन विद्यापीठाच्या केंद्रात उबवून, पिल्लं वाढवून सोडतात.

पिंजऱ्याचा एक धोका मात्र मोठा आहे. मर्लिन ससाणा पिंजऱ्यापाशी टपून बसतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रौढ पक्ष्यालाच उचलतो. अशा ठिकाणी पिंजरा काढलेलाच बरा. अंडी गेली तर जोडी बहुधा त्याच हंगामात पुन्हा घालते. मादी गेली तर ती शक्यताच उरत नाही.

तुझा,
श्रीधर